अमेरिकन जहाजमालकांना कशाने तारलं, संरक्षणाने की बरोबरीच्या अटीने?

दर्यावर्दी: अमेरिका जन्मापासून खुल्या व्यापाराची, हे परवा कुणीतरी ठणकावून सांगितलं, मला अजिबात पटलं नाही. नवी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, कामाला लागून चार महिने होतायत न होतायत तोच, २० जुलै १७८९ ला टनेजचा, म्हणजे बंदरात येणाऱ्या जहाजावर टनाच्या हिशेबाने कर घेण्याचा, कायदा झाला. तिथे बांधलेल्या, तिथल्याच मालकीच्या जहाजाला टनामागे ६ सेंट आणि परदेशीला ५० सेंट. २०० टनी जहाज धरा, बॉस्टनवाला भरणार १२ डॉलर, लिव्हरपूलवाला १००, तेही दर खेपेला! शिवाय अमेरिकन जहाजातून माल आणला तर जकातीत १० टक्के सूट. आणि का करू नये? १७८३ पासून ब्रिटनने आपल्या ताब्यातल्या वेस्ट इंडीज बेटांची दारं यांच्या जहाजांना बंद केलेली, लाकूड नि पीठ हवं पण ते ब्रिटिश जहाजातूनच. असं नाक दाबल्यावर कोण गप्प बसेल?

हिशेबी: पण ते ५० सेंट शेवटी कुणाच्या खिशातून गेले? कॅरोलायनाचा तांदूळ, व्हर्जिनियाचा तंबाखू इंग्रजी जहाजांत भरला जायचा, भाडं वाढलं की भुर्दंड शेतमालाला. दक्षिणेकडचे प्रतिनिधी तेव्हाच ओरडत होते. आणि खरी भरभराट आली १७९३ च्या युरोपातल्या युद्धामुळे, लढणाऱ्या कुठल्याच बाजूचा नसलेला तटस्थ झेंडा म्हणून. श्रेय कायद्याला देऊ नका.

दर्यावर्दी: युद्धाचं मान्य, पण त्यावेळी हाताशी जहाजं होती म्हणून फायदा उठवता आला ना? आणि काँग्रेसमधला प्रतिनिधी मॅडिसन स्वतः दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचा असून संरक्षणाच्या बाजूने होता. त्याला तर करार केलेल्या देशांना, म्हणजे फ्रान्सला, कमी दर हवा होता, सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, ते उडवलं.

हिशेबी: म्हणजे तुम्हीच कबूल करताय की मूळ हत्यार बरोबरीचंच होतं, जो सवलत देईल त्यालाच सवलत. मग ३ मार्च १८१५ चा कायदा घ्या, परदेशांना सांगितलं, तुम्ही आमच्या जहाजांशी केलेला भेदभाव काढा, आम्हीही काढतो. जुलैत ब्रिटनशी करार झालासुद्धा.

बंदरकर: दोघेही एक विसरताय. त्या करारात वेस्ट इंडीज नव्हतं, ते १८३० पर्यंत अडकलं. आणि १८१७ ला स्वतःच्या किनाऱ्यावरची वाहतूक अमेरिकेने परदेशी जहाजांना सरळ बंद केली. समुद्रापार बरोबरी, घरात कुलूप. मला तरी हेच धोरण शहाणपणाचं वाटतं, कारण न्यूयॉर्क ते चार्ल्सटन माल नेणारा मालक टिकला तरच पुढे लिव्हरपूलला जाणारे खलाशी तयार होतात.

हिशेबी: आणि चार्ल्सटनचा व्यापारी? त्याला स्वस्त जहाज निवडायची मुभाच नाही, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.