पृथ्वी फिरताना कधी जाणवली आहे का? अनुभव सांगा

मे महिन्यात गावी गेलो होतो, वाईजवळ. रात्री लाइट गेली. घरात घामाघूम होत पडण्यापेक्षा सतरंजी घेतली आणि गच्ची गाठली. उशी आणायला परत खाली कोण जाणार, म्हणून डोकं कठड्याला टेकवलं. तिथेच डोळा लागला.

दोनच्या सुमारास जाग आली. डोकं कठड्याला तसंच टेकलेलं, मान अवघडलेली, हलवायची इच्छा नव्हती. समोर दक्षिणेला काळी पाण्याची टाकी आणि तिच्या डाव्या कडेला अगदी चिकटून ज्येष्ठा, वृश्चिकातला तो तांबूस तारा. अर्धवट झोपेत नुसता बघत होतो. पाहता पाहता तारा विझला. हळूहळू नाही, फुंकर मारल्यासारखा. ढग नव्हता. मग लक्षात आलं की तो टाकीमागे गेला. आणि पुढच्याच क्षणी डोक्यात उलटं झालं: तारा कुठेच गेला नाही, टाकी सरकून त्याच्या आड आली. टाकी, गच्ची, कठडा, मी, खाली झोपलेले आईबाबा, सगळं पूर्वेकडे निघालंय. पोटात खड्डा पडला. जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पडतो तसा. मी चक्क सतरंजी घट्ट धरली.

आपल्या अक्षांशावर फिरण्याचा वेग ताशी जवळजवळ १६०० किलोमीटर आहे, हे शाळेपासून पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं.

तेव्हापासून एकच प्रश्न आहे. ते जाणवणं होतं की वाटणं? तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का? जागेपणी, गुंगीत, तापात, ध्यानाला बसल्यावर, कसंही. भविष्य आणि ग्रहांचे परिणाम मात्र इथे नकोत, हात जोडून विनंती.

भांगवाला जोशी
होळी. हॉस्टेल. दोन ग्लास. पलंग निश्चित फिरत होता. पूर्वेकडे की पश्चिमेकडे हे बघायला उठलो आणि कपाटावर आपटलो. पुढची निरीक्षणं वॉर्डनने घेतली.

भौतिकवाला
धागाकर्ते, अनुभव सुरेख लिहिलाय, पण ते वाटणंच होतं. विरस करतोय, माफ करा.

कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतला द्रव डोकं वळलं की मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळणं कळतं. अंधारात खुर्चीवर बसवून कुणाला हळूहळू फिरवलं, तर सेकंदाला साधारण अर्धा-एक अंश वेग होईपर्यंत बहुतेकांना पत्ता लागत नाही. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे शंभराहून अधिक पट संथ. शिवाय नळ्यांना कळतो तो वेगातला बदल. मेरी-गो-राउंडवर डोळे मिटून बसा, चाल एकसारखी झाली की अर्ध्या मिनिटात आपण थांबलो असंच वाटू लागतं. आणि ही पृथ्वी तर जन्मापासून एकाच चालीने फिरते आहे.

सूर्याभोवतीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर. तो तर अजिबातच कळणार नाही, कारण आपण आणि पृथ्वी दोघेही एकत्रच सूर्याकडे ‘पडत’ असतो.

एक परिणाम मात्र शरीरावर खरंच होतो. फिरण्यामुळे ६० किलोच्या माणसाचं वजन मुंबईत पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमनी कमी भरतं. डाएटवाल्यांनी नोंद घ्यावी.

कडीपत्ता
मला पृथ्वी जाणवली होती आणि त्यावर इलाजही झाला!

सकाळी कूस बदलली आणि छत फिरायला लागलं. माझी चक्कर म्हणजे आजवर ‘डोकं हलकं होणं’ होती. ही तशी नव्हती. पंख्याची पाती स्थिर आणि अख्खी खोली पंख्याभोवती गरगर. वीस-तीस सेकंद, मग शांत. परत उजवीकडे वळले की पुन्हा. मी यजमानांना म्हटलं, भूकंप होतोय. ते चहा पीत होते.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते जागा सोडून त्या नळीत शिरलेत. मला पलंगावर बसवलं, मान एका बाजूला वळवून झपकन आडवं केलं, मग दुसरीकडे वळवलं, मग कुशीवर, मग बसवलं. पाच-सात मिनिटांचा खेळ. गोळीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी जग जागेवर.

तेव्हा ज्यांना वळताना ‘पृथ्वी जाणवते’ त्यांनी आधी कान दाखवून घ्या.

मौन१०
इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर केलं होतं. सहाव्या दिवशी दुपारच्या बैठकीत वाटायला लागलं की कमरेपासून वरचं शरीर मंद गोल फिरतंय. पाण्यात सोडलेल्या कमळाच्या देठासारखं. डोळे उघडले तर मी ताठ बसलेली. मिटले की पुन्हा सुरू. मला तेव्हा खात्री होती, पूर्ण खात्री, की हे पृथ्वीचं फिरणं आहे आणि माझं मन इतकं बारीक झालंय की ते कळायला लागलंय. रडू आलं होतं.

आचार्यांना विचारायच्या वेळात विचारलं. ते म्हणाले, संवेदना आहे, बघा आणि सोडून द्या. मला राग आला, एवढी मोठी गोष्ट आणि सोडून द्या काय!

आठव्या दिवशी दुसरं काही सापडलं. त्या गोल फिरण्याच्या आत एक बारीक हेलकावा होता, पुढे-मागे, पुढे-मागे. मनगटावर बोट ठेवलं. नाडीचे ठोके आणि हेलकावे एकाच तालात. हृदय प्रत्येक ठोक्याला अख्ख्या धडाला एक धक्का देतं आणि एरवी आपल्याला ते कळतही नाही. गोल फिरण्याचं कोडं मात्र सुटलं नाही.

भौतिकवाला
@मौन१०, डोळे मिटले की तोल सांभाळायचं काम कान, पाठ आणि कंबर यांच्यावर येतं, आणि ते सतत बारीक दुरुस्त्या करत असतात. माणूस पुतळ्यासारखा बसूच शकत नाही. गोल फिरणं बहुधा तेच असावं. आणि पृथ्वीचं असतं तर एक फेरी पुरी व्हायला एक दिवस लागला असता. तुमची किती वेळात होत होती?

मौन१०
सात-आठ श्वासांत एक. कळलं मला. तुम्हीपण आचार्यांसारखेच निघालात.

डब्बा नंबर सात
दादरला रोजचं आहे हे. शेजारची लोकल सुटते आणि वाटतं आपली सुटली. मग खांब दिसतो, तो जागेवरच असतो. आर्यभटाने नावेचं उदाहरण दिलं होतं ना इ.स. ४९९ मध्ये? नावेतल्या माणसाला काठ मागे जाताना दिसतो, तसे आपल्याला तारे पश्चिमेला जाताना दिसतात. धागाकर्त्यांच्या टाकीने खांबाचं काम केलं. म्हणजे उलटं काम केलं. जाऊ दे, गाडी आली.

डेकवरून
मर्चंट नेव्हीत बावीस वर्षं काढली. चार महिन्यांनी घरी आलो की पहिले दोन-तीन दिवस मोरीत डोळ्यावर साबण असताना भिंत धरावी लागते, जमीन डुलते. बायको म्हणते, आला हा दारू पिऊन.

पण मुद्दा वेगळा आहे. बोटीवर एकाला पृथ्वीचं फिरणं खरंच कळतं. जायरो कंपास. आत एक भोवरा अतिशय वेगात फिरत असतो. भोवऱ्याचा स्वभाव असा की तो आपला आस सोडत नाही. खालची पृथ्वी मात्र कलत जाते. त्या कलण्याचा आणि गुरुत्वाचा मिळून असा मेळ बसवलेला असतो की भोवरा आपोआप वळत वळत खऱ्या उत्तरेवर येऊन बसतो. चुंबकाचा काही संबंध नाही. पृथ्वी फिरायची थांबली तर त्याला उत्तर सापडणारच नाही.

आता गंमत. चालू केल्या केल्या तो उत्तर दाखवत नाही. त्याला काही तास लागतात, म्हणून बंदर सोडायच्या बरंच आधी चालू करून ठेवायचा. कॅडेट असताना माझं काम होतं त्याच्याकडे बघत बसणं. काटा उत्तरेच्या पुढे जातो, परत मागे येतो, पुन्हा थोडा कमी पुढे जातो. आंधळा माणूस हाताने दार चाचपतो ना, अगदी तसं. चीफ ऑफिसर आमच्याच रत्नागिरीचे, ते म्हणाले होते, “घाई करू नको रे, पृथ्वीच सावकाश सांगते, तो तरी काय करील.”

ज्याच्या आत भोवरा मिनिटाला हजारो फेऱ्या मारतो अशा यंत्राला जर काही तास लागत असतील तर ध्यानात एका बैठकीत कुणाला कळेल असं मला वाटत नाही. मौनताई, राग मानू नका.

उंबरफाटा
मी औसा तालुक्यातला. विषय थोडा बाजूचा आहे, पण लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी नऊ वर्षांचा होतो. गणपती बुडवून आलो होतो, दमून झोपलेलो. आमचं गाव किल्लारीपासून लांब, त्यामुळं आमचं घर पडलं नाही, एक भिंत फुगली. पण आवाज आठवतो. जमिनीच्या खालून ट्रक जावा असा.

त्यानंतर कित्येक महिने पत्र्याच्या शेडात झोपलो. दगडामातीच्या घरात, माळवदाखाली झोपायला कुणी धजत नव्हतं. आजी उशाला दोन स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचून ठेवायची. हलले की वाजतील आणि जाग येईल. रात्री मांजर गेलं तरी वाजायचे आणि अख्खी आळी बाहेर.

मला आजही महिन्यातून एकदा तरी जमीन हललेली जाणवते. पलंगावर कुणी बसलं, बाहेरून डंपर गेला. पहिल्यांदा मी पंख्याकडं बघतो. तो लटकत असतो, नुसता, सरळ. मग श्वास सोडतो. तुम्ही सगळे पृथ्वी हललेली जाणवावी म्हणून गच्चीवर झोपताय. आमच्याकडं ती जाणवू नये म्हणून झोपत होते.

(धागाकर्ता)
उंबरफाटा, हे वाचून थांबलो. बाजूचा विषय अजिबात नाही. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

मनगट
हौशी खगोलवाले आम्ही. वांगणीला शाळेच्या मुलांना घेऊन जायचो. दुर्बीण साधी, मोटर नाही, हाताने ढकलायची. दीडशेपट मोठं दाखवणारा आयपीस लावून शनी धरला की सव्वा मिनिटात एका कडेने आत येऊन दुसऱ्या कडेने बाहेर. चाळीस मुलांची रांग. प्रत्येक जण डोळा लावणार, ‘कडं दिसतंय!’ म्हणून ओरडणार, आणि मधेच एखादा, ‘सर, पळाला!’ पळाला की पुन्हा पकडून द्यायचा.

एक मुलगी, पाचवीतली असेल, तिने रांगेत परत उभं राहून दुसऱ्यांदा बघितलं आणि विचारलं, “सर, याला कोण ओढतंय?” मी म्हटलं, त्याला कुणी ओढत नाही, आपण वळतोय. तिने आयपीसमधून डोळा काढला, पायाखालच्या गवताकडे बघितलं आणि दोन्ही पाय जरा फाकवून उभी राहिली. बसमध्ये उभे राहतो तशी.

चार तास ढकलल्यावर मला बघावं लागत नाही. बोलता बोलता हात जातो आणि नळीला एवढासा धक्का देतो, आणि शनी मध्यावर असतो. पहाटे घरी जाऊन झोपलो तरी मनगट अधूनमधून हलतं, असं बायको सांगते. भौतिकवाला साहेब, हे जाणवणं की वाटणं?

भौतिकवाला
ही सवय. पण चांगली सवय. :)

आयुका या पुण्याच्या खगोल संस्थेतला लंबक कुणी तासभर उभं राहून बघितलाय का? खालची पृथ्वी वळते म्हणून त्याच्या झोक्याची दिशा सरकते, पण पुण्याच्या अक्षांशावर तासाला पाच अंशही नाही, पूर्ण फेरीला ७५ तास. १८५१ मध्ये फुकोने पॅरिसमध्ये ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून लोकांना हेच दाखवलं होतं. तिथे तो आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने वळतो.

आणि ज्यांना खरोखर वाटतंय की शरीराला कळतं, त्यांनी सोपी चाचणी करा. डोळे बांधून फिरत्या खुर्चीवर बसा, दुसऱ्याने वाटेल तसं फिरवून थांबवायचं, दहा मिनिटं शांत बसा आणि सांगा पूर्व कुठे.

कडीपत्ता
केली हो चाचणी. भाच्याला बसवला. पहिल्या तीनही वेळा बरोबर! आम्ही सगळे थक्क. मग कळलं, फोडणीच्या वासावरून स्वयंपाकघर ओळखत होता. कार्ट्याला गॅस बंद केल्यावर एकही जमली नाही.

वाळूवर बसलेली
वेंगुर्ल्याला करून बघा. सूर्याचा खालचा काठ पाण्याला टेकला की वरचा बुडेपर्यंत दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. त्या दोन मिनिटांत ‘सूर्य खाली जातोय’ म्हणायचं नाही. पाणी वर येतंय म्हणायचं. पाय पसरून वाळूत बसा, हात मागे टेकवा. पश्चिमेला तोंड असेल तर आपण पाठीमागे कलंडतोय. पहिल्या मिनिटात काही होत नाही. मग अचानक होतं. हात वाळूत रुततात.

दरवेळी होत नाही. शेजारी भेळवाला उभा असेल तर अजिबात नाही.

ट्रोम्सोची सून
आम्ही नॉर्वेत, जवळजवळ ७० अक्षांशावर. इथे फिरण्याचा वेग ताशी जेमतेम ५८० किलोमीटर, म्हणजे तुमच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आणि साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही.

मागच्या जूनमध्ये आई आली होती. तिला झोप येईना. रात्री पडदे बाजूला करून बसायची. मध्यरात्री उत्तरेला क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर सूर्य, डावीकडून उजवीकडे चालत निघालेला, खाली न उतरता. तिसऱ्या दिवशी बघते तर तिने फरशीवर खडूने उन्हाच्या चौकोनाच्या खुणा केलेल्या. संध्याकाळी बैठकीत, मध्यरात्री बोळात, पहाटे माझ्या ओट्याखाली, दुपारी देव्हाऱ्याच्या बाजूला. पूर्ण घराला प्रदक्षिणा.

मला म्हणाली, “ऊन नाही गं फिरत, घर फिरतंय. जात्यात मधल्या खिळीजवळ बसल्यासारखं आहे इथे.” मी अभियंता आहे, मला हे सुचलं नव्हतं.

तिची खरी अडचण दुसरीच होती. सूर्य मावळत नाही तर दिवेलागण कधी करायची? शेवटी तिने फोनवर पुण्याची वेळ लावून ठेवली आणि रोज तिकडच्या सातला, इथल्या साडेतीनला, लख्ख उन्हात निरांजन लावायला लागली.