गणपतीच्या देखाव्यात कोरियाची तुटलेली रेल्वे दाखवायची आहे, रूळ नेमका कुठे तोडायचा?

पार्कचौक_कार्यकर्ता:
यंदा मंडळाचा हलता देखावा रेल्वेवर ठरलाय. विषय कोरियातली, दक्षिणेतल्या सेऊलहून उत्तरेतल्या सिनुइजूला जाणारी ग्योंगुई लाईन. टेबल १२ फूट बाय ३ फूट. एचओ स्केलचं (१:८७) एक डिझेल इंजिन आणि तीन डबे हाताशी आहेत. डोक्यात असं आहे की मधोमध ३८ अक्षांशाची रेघ, तिथं रूळ तोडायचा, वर काटेरी तार. गाडी तिथपर्यंत येईल, थांबेल आणि आपोआप मागे जाईल. रूळ कुठे तोडू आणि गाडी हात न लावता कशी फिरवू? शिवाय अर्धे कार्यकर्ते म्हणतात कोरिया कशाला, आपली भारत–बांगलादेश सीमेवरची हल्दीबाडी–चिलाहाटी लाईन करा. दहा दिवस रोज चार तास चालायला हवं.

स्लीपर_आणि_फिशप्लेट:
रूळ तोडूच नका. आधी साल ठरवा, कारण या लाईनीचं प्रत्येक दशकातलं चित्र वेगळं आहे.

१९०६ साली जपान्यांनी ही लाईन पुरी केली. १९४५ मध्ये ३८ अक्षांशावर सोव्हिएत आणि अमेरिकी फौजांची वाटणी झाली आणि थेट गाड्या थांबल्या. तेव्हा केसाँग शहर दक्षिणेत होतं. कोरियन युद्धाच्या १९५३ च्या युद्धविरामात ते उत्तरेकडे गेलं आणि लाईन तुटण्याची जागा आणखी दक्षिणेला सरकली. म्हणजे आजची सीमारेषा ३८ अक्षांशाला धरून जात नाही, ती त्याला तिरकी छेदते. सरळ रेघ मारून खाली '३८' लिहिलंत तर जाणकार माणूस तिथंच हसेल.

बहुतेकांना माहीत नसतं ते पुढे. १४ जून २००३ ला सीमारेषेवर रूळ पुन्हा जोडले गेले. १७ मे २००७ ला एक डिझेल इंजिन आणि पाच डबे दक्षिणेतल्या मुनसानहून केसाँगला जाऊन आले. ११ डिसेंबर २००७ पासून मुनसान ते उत्तरेतलं बोंगडोंग अशी मालगाडीही चालली, बऱ्याचदा जवळजवळ रिकामी, आणि २८ नोव्हेंबर २००८ ला बंद पडली. त्यानंतर पंधराएक वर्षं रूळ अखंड आणि नियमित गाडी एकही नाही, अशी अवस्था. २०२४ मध्ये उत्तरेने आपल्या बाजूचे रूळ उपटले आणि १५ ऑक्टोबरला जोडरस्ते स्फोटाने उडवले.

माझं मत विचाराल तर २००९ ते २०२३ मधलं कुठलंही साल घ्या. तुटका रूळ कोणीही दाखवेल. धडधाकट रूळ, बंद फाटक आणि मागे फिरणारी गाडी, हे बघून माणूस विचारतो की अडलंय कुठे?

होटगी_मीटरगेज:
सोलापूरकरांच्या डोक्यात 'लाईन तुटली' म्हटलं की गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदललं असणार हेच येतं. होटगीला गदगकडची मीटरगेज आणि आपली ब्रॉडगेज भेटायची त्याची ही सवय. कोरियात तसं नाही. दोन्ही बाजूंना १४३५ मिमीच आहे. फरक विजेत आहे: दक्षिणेत २५,००० व्होल्ट एसी, उत्तरेत ३,००० व्होल्ट डीसी. त्यामुळे सीमेच्या पट्ट्यात वरच्या तारा, खांब काही लावू नका. डिझेल आहे ते बरोबरच आहे.

हल्दीबाडीचं म्हणाल तर अडचण मापाची आहे. एचओचा रूळ १६.५ मिमी. १४३५ ला ८७ ने भागलं की १६.५ येतं, म्हणून कोरिया बाजारातल्या रुळावर जसाच्या तसा बसतो. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, तिचे १९.३ मिमी होतात. म्हणजे रूळ हाताने ठोका आणि चाकंही नवी बसवा. गणपतीपर्यंत होणार नाही अण्णा. शिवाय १९६५ ला तुटलेली ती लाईन १७ डिसेंबर २०२० ला पुन्हा सुरू झाली, १ जून २०२२ पासून मिताली एक्सप्रेस धावली आणि जुलै २०२४ मध्ये प्रवासी गाडी परत थांबली. बोर्डवर चार ओळी लिहायला चांगला विषय आहे, टेबलावर कोरियाच करा.

डायोडवाले:
गाडी फिरवायला सेन्सर, मायक्रोकंट्रोलर काही नको. दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), एक १२ व्होल्टचा डीपीडीटी रिले (दोन तारांची एकदम अदलाबदल करणारा, विजेवर चालणारा स्विच) आणि चालू-बंद वेळ लावता येणारा सायक्लिक टायमर, एवढ्यात काम होतं.

दोन्ही टोकांना एकच रूळ (दोन्हीकडे तोच) बारीक करवतीने अर्धा मिमी कापा, तिथं प्लॅस्टिकचा इन्सुलेटेड जॉइनर घाला. कापाच्या दोन्ही बाजूंना तार जोडून मध्ये डायोड टाका. वन एन ५४०८ घ्या, ३ अँपिअरचा. वन एन ४००७ एक अँपिअरचा असतो, गाडी अडकून मोटर दाबली गेली की तापतो. इंजिन कापापलीकडे गेलं की करंट बंद, गाडी थांबते. टायमरने रिलेतून पोलॅरिटी (रुळांचं प्लस-मायनस) उलटवली की त्याच डायोडमधून करंट वाहतो आणि गाडी परत निघते. मधल्या रुळाकडून पाहिलं तर दोन टोकांचे डायोड एकमेकांच्या उलट लागतात. गाडी न थांबता पुढे गेली तर त्या टोकाचा डायोड फिरवा.

चूक बहुतेक वेळा मापात होते. इंजिन फाटकाच्या बाजूला ठेवा. फाटकाच्या टोकाला काप ४० सेमी आधी पुरतो: इंजिन २३ सेमी, बाकी घसरण आणि राखीव. स्टेशनच्या टोकाला मात्र इंजिन डब्याला ढकलत येतं. तिथंही ४० च ठेवले तर डबा टेबलाखाली. एक डबा २७ सेमीचा, म्हणून तिथं काप बफरपासून (रुळाच्या शेवटच्या अडसरापासून) ७० सेमीवर. तीन डबे लावले तर १२५ सेमीवर जातो आणि गाडीला पळायला जागाच उरत नाही. एकच डबा लावा. फाटक ९ फुटांवर ठेवलं तर धाव साधारण १९० सेमी मिळते. सेकंदाला ७ सेमी वेग ठेवा (खऱ्या मापात ताशी २२ किमी), म्हणजे २७ सेकंद. टायमर ४० सेकंदांवर लावा, गाडी फाटकाशी तेराएक सेकंद थांबेल.

डबा हलका असेल तर ढकलताना उतरतो. २७ सेमीच्या डब्याचं वजन १८० ग्रॅमच्या आसपास आणा, आतून नट किंवा वॉशर चिकटवून. रुळाच्या लाईनीत १ अँपिअरचा पॉलिफ्यूज (आपोआप परत जोडला जाणारा फ्यूज) हवाच. रिलेचा अ‍ॅडॉप्टर वेगळा ठेवा, नाहीतर गाडी उतरून शॉर्ट झालं की रिलेही फडफडतो. लाईट जाऊन आली तरी काळजी नाही, गाडी कुठल्यातरी टोकाला जाऊन थांबते.

पार्कचौक_कार्यकर्ता:
भारी. एकच डबा लावतो. मग फाटक आणि सीमारेषा एकाच जागी दाखवू ना? तारेचं काय?

स्लीपर_आणि_फिशप्लेट:
एकाच जागी नाही. प्रत्यक्ष सीमारेषेवर तारच नाहीये. लष्करमुक्त पट्टा ४ किमी रुंद, रेषेच्या दोन्ही अंगांना २–२ किमी. तारेची कुंपणं आणि फाटक त्या पट्ट्याच्या कडेला. मधल्या रेषेवर फक्त पिवळ्या पाट्या, सगळ्या मिळून १,२९२. दक्षिणेकडच्या अंगावर कोरियन आणि इंग्रजी, उत्तरेकडच्या अंगावर कोरियन आणि चिनी. आता त्या गंजलेल्या आहेत, चकचकीत पिवळा मारू नका.

४ किमीचे १:८७ ला ४६ मीटर होतात. तुमच्या १२ फुटांत खरं अंतर जेमतेम ३१८ मीटर, तेव्हा आखडतं घ्यावं लागणारच. डावीकडे दोरासान, म्हणजे दक्षिणेचं सीमेआधीचं शेवटचं स्टेशन, ९ फुटांवर तार आणि फाटक, ११ फुटांवर रुळाशेजारी एक पिवळी पाटी, पुढे रूळ झाडीत वळवून पडद्यामागे. फाटकापलीकडे वीज देऊ नका, तो रूळ तांबूस-तपकिरी रंगवा. अलीकडचा रंगवताना वरचा माथा पुसून घ्या, नाहीतर करंट जाणार नाही. पट्ट्यात माणसाचा वावर नसल्याने झाडी दाट आहे, तिथं हिरवा भुसा सढळ हाताने टाका. स्टेशनवरच्या पाटीवर एका बाजूला प्योंगयांग २०५ किमी, दुसऱ्या बाजूला सेऊल ५६ किमी.

कोपऱ्यात जागा उरली तर याच लाईनीवरच्या जांगदान स्टेशनचं वाफेचं इंजिन ठेवा. ३१ डिसेंबर १९५० ला ते तिथं उद्ध्वस्त झालं, अर्धशतकाहून जास्त काळ जागेवरच गंजत राहिलं. अंगावर गोळ्यांची १,०२० भोकं आहेत. आता दक्षिणेत सीमेजवळच्या इमजिनगाक पार्कात जपून ठेवलंय. तापवलेल्या सुईने भोकं पाडा, प्लॅस्टिकची कड आपोआप वितळून वळते.

होटगी_मीटरगेज:
खडीचं राहिलं. खरी खडी ५० मिमीची धरली तरी इथं ०.६ मिमी होते. क्रशरची कच चहाच्या गाळणीने चाळून घ्या, पण आपली काळी कच तशीच टाकू नका, तिथला दगड फिकट राखाडी आहे. पांढरी मार्बल पावडर थोडी मिसळा. फेविकॉल एक भाग, पाणी दोन भाग, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, ड्रॉपरने सोडा आणि रात्रभर वाळू द्या.

प्लायवूड साधं घेऊ नका. पत्र्याच्या मांडवात पावसाची ओल धरून ते फुगतं आणि तुमचा अर्धा मिमीचा काप बंद होतो. मग गाडी थांबत नाही आणि सगळे डायोडला शिव्या देतात. १२ मिमीचं मरीन प्लाय, दोन्ही बाजूंनी रंग, खाली दर १६ इंचांवर पट्टी. काप केल्यावर त्यात प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवूनच टाका. रोज आरतीआधी रूळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचा, आणि धूप-कापूर टेबलापासून जरा लांब. त्याची काजळी रुळावर बसली की इंजिन अडखळतं.