मदत हवी आहे: हिवाळ्यात गोंडोला (तारेवरून डोंगरावर नेणारी बंद केबिन) आणि वर सोपी वाट, सोबत आजी-आजोबा आणि बाळ

सहा जणांचा बेत आहे. चार मोठे, त्यात दोघं सत्तरीपुढचे (एकाचा गुडघा दुखरा), एक सहा वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचं बाळ. गोंडोलाने वर जायचं, अर्ध्या तासाची सपाट वाट चालून दरी बघायची, बस्स.

दर 1000 मीटरला तापमान साधारण 6.5 अंशांनी उतरतं, म्हणजे खाली 2 अंश असेल तर वर उणे साडेचार. वाऱ्याचा बोचरेपणा वेगळाच. कधीकधी उलटंही होतं: दरीत धुकं, वर लख्ख ऊन. म्हणून निघण्याआधी वरच्या स्थानकाचा कॅमेरा बघणार. वारा वाढला की गोंडोला बंद ठेवतात, तेव्हा एक दिवस हाताशी राखलाय. उतरताना कानात दडे बसू नयेत म्हणून बाळाला दूध पाजत राहू.

खरी अडचण वाटेची. दुपारी वितळलेला बर्फ उन्हं कलली की पुन्हा गोठून काचेसारखा होतो. बुटांवर चढवायचे काटे बर्फात पकडतात, पण उघड्या लाकडी फळ्यांवर तेच अडखळवतात. मग आजोबांना काटे द्यावेत की टोकदार काठीच बरी?

दुसरं, केबिन स्थानकात पूर्ण थांबत नाही, हळू सरकत राहते. दुखऱ्या गुडघ्यासाठी सांगितलं तर थांबवतात का, आणि बाबागाडी घडी करावीच लागते का?

आणि 2500 मीटरच्या वर इतक्या लहान बाळाला कोणी नेलंय का? किती वेळ थांबलात?