छोट्या परसात भाज्या आणि द्राक्षाचा एक वेल : सल्ला हवा

परसदार_नवं
नमस्कार मंडळी. घरामागे साधारण १२ फूट बाय १० फूट मोकळी जागा आहे. ऊन सकाळपासून दुपारी दोनपर्यंत, नंतर पश्चिमेच्या भिंतीची सावली. टोमॅटो, मिरची, वांगी, थोडा पालक आणि द्राक्षाचा एकच वेल लावायचाय. खर्च एक रोप, खत आणि सुतळी एवढाच झेपेल. बांबू घरात आहेत. वेल जमिनीत लावू की कुंडीत? त्याच्या सावलीने भाज्या खुंटतील का?

मांडव_पक्का
बांबू विसरा. जमिनीतले बुडखे कुजतात आणि घडांनी भरलेला वेल त्यांना पेलवत नाही. मी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे खांब सिमेंटमध्ये रोवले, वर तारा ताणल्या, सात फुटांवर मांडव. आता खाली उभं राहिलं की डोक्यावर घड लोंबतात. खर्च एकदाच होतो, भक्कमच करा.

कुंडीतली_बाग
एका वेलासाठी सिमेंट? माझा वेल ५० लिटरच्या ड्रममध्ये मजेत आहे. तळाला भरपूर भोकं पाडा, बस्स.

मांडव_पक्का
ड्रम म्हणजे उन्हाळ्यात रोज पाण्याची चाकरी. जमिनीत मुळं खोल जातात, वेल स्वतःचं बघतो.

कुंडीतली_बाग
निचरा नसलेल्या चिकण मातीत मुळं गुदमरतात, ते सांगा की. धागाकर्त्यांनी आधी दीड-दोन फूट खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर ड्रमच बरा.

काडी_डोळा
आधारावरून वाद चाललाय, पण द्राक्ष येतं ते छाटणीमुळे. जुन्या जाड खोडावर फळ धरत नाही. मागच्या हंगामात वाढून पक्व झालेल्या काडीच्या डोळ्यातून (अंकुरातून) नवी फूट निघते, तिच्यावर घड येतो. म्हणून पहिल्या वर्षी एकच जोमदार फूट सरळ वर न्या, बाकीच्या काढा. तेच तुमचं खोड. मग दोन बाजूंना दोन ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, धरा. दुसऱ्या वर्षी घड दिसला तरी खुडा, जीव कितीही तुटला तरी. फळ तिसऱ्या वर्षापासून.

जात कोणती हेही विचारून घ्या. थॉमसन सीडलेसमध्ये काडीच्या बुडाचे पहिले काही डोळे सहसा वांझ असतात. दोन डोळ्यांवर आखूड छाटलं की नुसता पाला येतो. काडी लांब ठेवावी लागते. जिथे थंडीत पानगळ होते तिथे वेल झोपेत असताना वर्षातून एकदा छाटणी पुरते. उष्ण हवेत वेल झोपतच नाही, तिथे दोनदा : काड्या तयार करायला खरड छाटणी आणि घडांसाठी फळछाटणी. आणि नत्राचं खत भारंभार घालू नका, वेल पाल्यावरच जातो.

रोपाने_दगा
काडी_डोळा यांना +१. पण आधी रोप नीट बघून घ्या. मला एका नर्सरीने कलम म्हणून बियांचं रोप दिलं. वेल मांडवभर पसरला, आणि घड आले ते आंबट, आत बियाच बिया. बियांपासून आईसारखं फळ येत नाही. कुणाकडे चांगला वेल असेल तर छाटणीतली पेन्सिलएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी मागा. ओलसर वाळूमातीत मुळं धरते, खर्च शून्य.

मांडव_पक्का
कलमच घ्या हो. १९व्या शतकात फायलॉक्सेरा किडीने युरोपातले मळे उद्ध्वस्त केले, ते अमेरिकी खुंटावर, म्हणजे त्या किडीला दाद न देणाऱ्या मुळांवर, कलमं करूनच सावरले. सांधा मातीच्या वर वीतभर राहू द्या. तो गाडला गेला तर वरच्या जातीलाच मुळं फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो.

फवारा_हातात
केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांचं कोणी काढलंच नाही! केवड्याला बोर्डो मिश्रण, १८८५ पासून वापरात आहे. १ टक्क्यासाठी १ लिटर पाण्याला १० ग्रॅम मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि १० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळं प्लॅस्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा आणि त्याच दिवशी वापरा. भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक. कडक उन्हात मारलं तर पानं करपतात.

फक्त_शेणखत
भाज्यांच्या शेजारी मोरचूद? तांबं मातीत साठत जातं.

फवारा_हातात
साठतं, मान्य. म्हणून रोगट हवा असेल तेव्हाच, आणि पालक झाकून.

फक्त_शेणखत
त्याआधी दाटी कमी करा. घडाजवळची थोडी पानं काढली की वारा खेळतो, भुरी आपोआप कमी. भुरीवर एक भाग दूध, नऊ भाग पाणी मी मारते, सुरुवातीलाच.

अंगणातला_भुभू
घरात कुत्रा आहे का? द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांना विषारी, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पडलेले मणी रोज उचला. आमच्या शेजाऱ्यांना हे कितीदा सांगितलं, ऐकतच नाहीत.

भाजी_आधी
तुमच्याकडे सूर्य दक्षिणेकडून जात असेल तर वेल उत्तरेच्या कडेला लावा, सावली भाज्यांवर येणार नाही. टोमॅटो, मिरची, वांगी एकाच कुळातली; दर हंगामाला जागा बदला, नाहीतर मर रोग घर करतो. टोमॅटोचं बूड काळं पडलं तर फवारे शोधू नका. बहुतेकदा पाणी कधी खूप, कधी नाही असं झाल्याने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. नेमाने पाणी, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. पालक भिंतीच्या सावलीत चालेल.

कुंडीतली_बाग
वेल ड्रममध्ये ठेवलात तर हवा तिथे सरकवता येईल. पुन्हा सांगते.

परसदार_नवं
सर्वांचे आभार. खड्ड्याची चाचणी केली, पाणी रात्रीतून जिरलं. त्यामुळे ड्रम नाही, आणि मांडवही नाही. उत्तरेला जिना आहे, त्याच्या लोखंडी कठड्यावरच वेल चढवणार. रोपही विकत घेत नाही. ओळखीच्यांच्या गोड वेलाच्या पाच काड्या मिळाल्या आहेत.

मांडव_पक्का
कठडा उन्हात तापतो. कोवळी फूट भाजेल. शिवाय काडी म्हणजे खुंट नाही.

काडी_डोळा
कठड्याला सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळा आणि फूट सैल बांधा. काड्यांची वरची-खालची बाजू विसरू नका : खालचा काप डोळ्यालगत सरळ, वरचा तिरका. उलटी लावलेली काडी सहसा जगत नाही. पाचही लावा, जगतील त्यातली जोमदार ठेवा.