मदत हवी आहे: अन्नछत्र चालू आहे, पण टोळीची पोरंच जेवायला येईनात

हिरण्यकेशीकाठ
लवकर उत्तर हवंय म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्या देवळाच्या भजनी मंडळानं कारखाना चालू झाल्यापासून ऊसतोड टोळ्यांच्या पोरांसाठी अन्नछत्र सुरू केलंय. तांदूळ, डाळ, गूळ गावातनंच जमतंय. रांधायला बायका आपणहून येतात. सुरुवातीला रांग लागायची, आता पंगतीला मोजकी टाळकी. काल उरलेला भात गुरांना घातला. रविवारी मंडळाची बैठक आहे आणि दोघं-तिघं "त्यांना गरजच नाही, बंद करा" म्हणून हटून बसलेत. गरज आहे, मी रोज बघतोय. पोरं परत कशी आणायची तेवढंच सांगा. अन्नदानाचं महत्त्व सांगू नका, ते देवळाच्या भिंतीवर रंगवलेलं आहे.

टिळकवाडी_कट्टा
गाव कुठलं? किती वाजता वाढता? पोरं किती वर्षांची? काहीच लिहिलं नाही तर सांगणार काय?

मिलेट_मित्र
भात बंद करा. पांढऱ्या भातात काही नसतं. नाचणी, राजगिरा आणि गुळाचे लाडू करा, महिनाभर टिकतात, घरोघर वाटता येतात. पुण्यात आमच्या सोसायटीनं हाच उपक्रम केला, प्रचंड प्रतिसाद. रेसिपी हवी असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

हिरण्यकेशीकाठ
गाव निपाणी-संकेश्वर पट्ट्यातलं, एवढं पुरे. जेवण दुपारी बाराला, देवाचा नैवेद्य झाला की. भात, आमटी, सणावाराला शिरा. पोरं सगळ्या वयाची. लाडवांचं बघू. पण मिलेटवाले, पोरं येतच नाहीत हा प्रश्न आहे, आल्यावर काय खातात हा नाही.

कोयत्याचं_पोर
मी बीडकडचा. आईबापाच्या मागं सात-आठ हंगाम तुमच्याच पट्ट्यात काढलेत, आता नोकरीला आहे. एक सांगा, टोळीच्या कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, देवळापासून किती लांब आहेत? मधी काय लागतं?

हिरण्यकेशीकाठ
चालत अर्धा तास. कारखान्याच्या रस्त्याला आहेत. मधी हायवे लागतो, पण पूल आहे.

कोयत्याचं_पोर
पूल कुठं आहे? कोप्यांसमोर का लांब?

हिरण्यकेशीकाठ
जरा लांब. पोरं मधनंच ओलांडतात.

टिळकवाडी_कट्टा
अहो, पुणे-बेंगळूर हायवे! हे पहिल्या पोस्टमध्ये नको का लिहायला?

कोयत्याचं_पोर
आता ऐका. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असती, ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. पहाटे तीन-चारला माय उठती, भाकरी थापती, कालवण असलं तर असलं, आणि अंधारातच फडावर. अंगावरचं लेकरू सोबत नेती. बाकीची कोपीवर. त्यातली थोरली पोरगी, नऊ-दहा वर्षांची, ती धाकट्यांना सांभाळती, पाणी भरती, कोपीची राखण करती. ती दुपारी बाराला कोपी सोडून तुमच्या देवळात येणार कशी? आणि दोन वर्षांचं काखेत घेऊन हायवे ओलांडणार का?

पहिल्या आठवड्यात आले ते हिंडणारे पोरगे. त्यांना कुठंही मिळतं, ऊस तरी चघळतात. ज्यांच्यासाठी तुम्ही चूल पेटवली ती तुमच्या पंगतीला कधी आलीच नसतील.

अजून एक. सकाळची भाकरी दहा-अकरापर्यंत संपती. खरी भूक दुपारनंतर लागती, कारण मायबाप गाडी भरून यायला दिवस बुडतो. कधी गाडी रात्रीच भरायची असती, मग लेकरं तशीच झोपतात.

दासोही
आमच्या अथणी भागात मठात दासोह, म्हणजे सेवा म्हणून अन्नदान, असतो. ताटावर बसणाऱ्याला तिथं वेळ विचारत नाहीत, जात तर नाहीच नाही. तुमकूरच्या सिद्धगंगा मठात शिवकुमार स्वामींनी अन्न, अक्षर, आश्रय असा त्रिविध दासोह चालवला, हजारो पोरं तिथं राहून शिकली. नैवेद्य झाल्याशिवाय वाढायचं नाही ही तुमची वारकऱ्यांची पद्धत आड येते, असं माझं स्पष्ट मत आहे.

माळकरी
वारकऱ्यांवर घसरायचं कारण नाही. नैवेद्याचं ताट आधी बाजूला काढलं की झालं, बाराची वाट कुणी बघायला सांगितली? नामदेवांची गोष्ट ऐकली नाही का, कुत्र्यानं भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागं धावले. हा त्या मंडळाचा हेका आहे, संप्रदायाचा नव्हे.
धागाकर्त्याला एक विचारतो: एकादशीला काय करता?

हिरण्यकेशीकाठ
एकादशीला चूल बंद. एकदा साबुदाणा केला होता, पोरांना आवडला नाही.

माळकरी
लेकरांना कसली एकादशी! मंडळानं उपास करावा, पोरांना भातच वाढावा. महिन्यातनं दोनदा चूल थंड दिसली की तिसऱ्यांदा कोण येतंय?

नंदगडची_बाई
मी शिक्षिका आहे, खानापूर तालुक्यात. आमच्याकडे ऊसतोड कमी, वीटभट्ट्या जास्त. पोरांची गत तीच. जेवणाआधी मुलांकडून काही करवून घेता का?

हिरण्यकेशीकाठ
काही नाही. भजन तेवढं. अर्धा-पाऊण तास. दोन शब्द कानावर पडावेत म्हणून. मग त्या दिवसाच्या अन्नदात्याचा फलक धरून एक फोटो, ग्रुपवर टाकायला. त्याशिवाय पुढचे दाते मिळत नाहीत.

नंदगडची_बाई
बाराला बोलवायचं आणि पाऊण वाजता वाढायचं. बरं.
फोटोबद्दल सांगते. सिस्टर चालवतात त्या एका वसतिगृहाशी माझा संबंध आहे. तिथंही देणगीदारांचे फोटो निघायचे. मोठ्या मुली ओढणी तोंडावर घ्यायच्या, नाहीतर त्या दिवशी "पोट दुखतंय" म्हणायच्या. सिस्टरनी फोटो बंद केले, आता दात्यांना महिन्याचा हिशेब पाठवतात: इतका तांदूळ आला, इतका शिजला, इतकी मुलं जेवली. देणग्या काही आटल्या नाहीत. तुमच्याकडच्या बारा वर्षांच्या पोरीला ताट हातात घेऊन फलकामागं उभं राहायला आवडत असेल का, हे त्या अन्नदात्याला विचारा.

भगवा_७
सिस्टर? म्हणजे ब्रेड देऊन धर्मांतर करणाऱ्या त्याच ना? इथं हिंदू मंडळ काम करतंय तर त्यांचे धडे कशाला?

नंदगडची_बाई
मी वसतिगृहात संध्याकाळी गणित शिकवते, माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे. पुढचं बोला.

संपादक_मंडळ
भगवा_७, धर्मांतराची चर्चा इथे नको. पुन्हा झाल्यास प्रतिसाद उडवला जाईल.

अंगणवाडी_चिकोडी
सगळे देवळाबद्दलच बोलायलेत. तीन ते सहा वर्षांचं पोर बाहेरगावचं असलं तरी जवळच्या अंगणवाडीत नाव घालून घेता येतं. गरम जेवण, दूध, अंडं मिळतं. तीन वर्षांखालच्या लेकरांना घरी न्यायचा शिधा. गरोदर बायकांना अंगणवाडीतच जेवण असतं, २०१७ पासून मातृपूर्णा योजना आहे. आईचं आधार घेऊन या, नसलं तरी आधी येऊन भेटा.

आणि सहा वर्षांवरच्यांना जवळच्या सरकारी शाळेत बसवा, तुमच्या भागात मराठी शाळा आहेत. दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही, शिक्षण हक्क कायदाच आहे तसा. शाळेत सकाळी दूध, दुपारी सरकारी अक्षरदासोह योजनेचं जेवण, आणि अंडं किंवा केळं. म्हणजे दुपारचं जेवण सरकारचं झालं. मग मंडळानं दुपारी का रांधायचं?

पट्टी माहीत आहे का? सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या दंडाला लावतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. तसल्या पोराला भात-आमटीनं भागत नाही, दवाखान्यात दाखवायलाच पाहिजे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात एनआरसी, म्हणजे कुपोषित पोरांचं केंद्र आहे, आईसकट ठेवून घेतात. आशाताईला कोप्यांवर घेऊन जा, ती मोजून देईल.

हिरण्यकेशीकाठ
अंगणवाडी गावात आहे, म्हणजे परत हायवे आलाच. आणि थोरली पोरगी शाळेत गेली तर धाकट्याला कोण बघणार?

अंगणवाडी_चिकोडी
धाकटं अंगणवाडीत, थोरली शाळेत. दोन्ही बहुतेक एकाच आवारात असतात. नेण्या-आणण्याचं तेवढं मंडळानं बघावं. एक टमटम लावा. भात गुरांना घालण्यापेक्षा डिझेल स्वस्त पडेल.

मिलेट_मित्र
अंडी देवळाच्या उपक्रमात कशी चालतील? राजगिरा लाडू हा सात्त्विक पर्याय आहे.

कोयत्याचं_पोर
अंडं शाळेत मिळतंय, देवळात नाही. वाचा तरी नीट. आम्हाला अख्ख्या हंगामात अंडं म्हणजे दिवाळी होती.

कर_सल्लागार_निपाणी
एक महत्त्वाचा मुद्दा कुणीच मांडला नाही. मंडळाकडे ८०जी आहे का? तांदूळ-डाळ दिली तर दात्याला करसवलत मिळत नाही, आणि रोख २००० रुपयांच्या वर दिले तरी नाही. चेक किंवा ऑनलाइन घ्या. ट्रस्टची नोंदणी झाली आहे का?

हिरण्यकेशीकाठ
विचारलं कुणी?

टिळकवाडी_कट्टा
करवाल्यांचं सोडा, पण अन्नपरवान्याचं बघा. फुकट वाटप असलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, लहान कामाला वर्षाला १०० रुपये. आणि नुसता कागद नको. डिसेंबर २०१८ मध्ये चामराजनगर जिल्ह्यात सुळवाडीच्या मारम्माच्या देवळात प्रसादात विष कालवलं, १७ माणसं गेली, तेही आपसातल्या भांडणातनं. तुमच्याही मंडळात दोन तट दिसतायत. स्वयंपाकघराला कुलूप, तेलाचे डबे वेगळे, कीटकनाशकाचा रिकामा कॅन तर आवारातसुद्धा नको, आणि वाढायच्या आधी एका मोठ्या माणसानं जेवून बघायचं.

सीमावासी_५६
या सगळ्याच्या मुळाशी काय आहे? तालुक्याच्या कचेरीत गेलं की फॉर्म कानडीत. मराठी माणसानं नोंदणी करायची कशी? १९५६ पासून हेच भोगतोय. सीमावादावरचा महाजन अहवाल गुंडाळला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात तारखा चालू आहेत, आणि आपण इथं आमटीवर चर्चा करतोय.

दासोही
मी कानडी आहे, मराठी वाचतो, लिहितो. फॉर्म आणा, भरून देतो. भुकेल्या पोराला कुठल्या राज्यात आहे त्याची पडलेली नसते.

सीमावासी_५६
तुम्हाला बोलणं सोपं आहे. १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात या, मग कळेल.

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नाचे पुढचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.

कोयत्याचं_पोर
रेशनचं कुणी बोललंच नाही. वन नेशन वन रेशनमध्ये महाराष्ट्राच्या कार्डावर कर्नाटकातल्या दुकानातही धान्य उचलता येतं, जानेवारी २०२० पासून. माणशी ५ किलो, तेही आता फुकट. कार्ड गावाकडं म्हाताऱ्यांपाशी राहिलं तरी नंबर किंवा आधार चालतं, अंगठा लावायचा. म्हाताऱ्यांनी त्यांच्या वाट्याचं तिकडं उचलावं, यांनी इकडं. टोळीतल्या निम्म्यांना हे माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना दिवसाउजेडी दुकानात जायला सवड नसती. मंडळातल्या एखाद्या रिकाम्या माणसानं दुकानदाराशी बोलून रात्री आठला दुकान उघडं ठेवायला लावलं, तरी शंभर पंगतींएवढं काम होईल.

आणि टोळी आणणाऱ्या मुकादमाला विचारल्याबिगर कोप्यांवर जाऊ नका. त्याला वाटतं ही माणसं टोळी फोडायला आलीत, नाहीतर बालकामगाराची तक्रार करायला. तोच पोरांना "देवळाकडं जायचं नाही" म्हणत असल.

हिरण्यकेशीकाठ
मुकादमाचं खरं आहे. मागं एकदा मंडळातल्या एकानं त्याला पोरांना कामाला लावण्यावरनं झापलं होतं, तेव्हापासनं तो सरळ बोलत नाही.

टिळकवाडी_कट्टा
हे तुम्ही आत्ता सांगताय!

हिरण्यकेशीकाठ
बरं, बैठकीत असं मांडतो. दुपारची पंगत बंद. संध्याकाळी पाचला जेवण पातेल्यात घालून टेम्पोनं कोप्यांवर न्यायचं. भजन ज्यांना करायचंय त्यांनी देवळात करावं. फोटो नाहीत. एकादशीलाही चूल पेटणार, यावर भांडण होणार हे गृहीत धरलंय, माळकरींचा प्रतिसाद तिथं वाचून दाखवतो. मुकादमाकडं आज रात्री जातोय, सोबत ज्याच्याशी वाकडं झालंय तो नसेल. अंगणवाडीच्या ताईंना सोमवारी भेटतो. टमटमचं भाडं कोण देणार ते अजून ठरलं नाही.
दासोही, ती एफएसएसएआयची नोंदणी ऑनलाइन होते का? नसेल तर फॉर्म घेऊन येतो, अथणीत कुठं भेटायचं?

दासोही
ऑनलाइनच होते. तरी या, जेवायलाच या.

कर_सल्लागार_निपाणी
टेम्पोचं भाडं रोखीनं देऊ नका, पावती घ्या.

कोयत्याचं_पोर
आमटीत तिखट कमी घाला. आणि पातेलं कोप्यांच्या मधोमध लावू नका, कडेच्या कोप्यांपर्यंत पोचत नाही. एका टोकानं सुरू करा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकानं.

मिलेट_मित्र
पाच वाजता टेम्पोत लाडू ठेवायला जागा आहे का?