मदत हवी आहे : नोकरी सांभाळून उपयोजित भौतिकशास्त्रात पीएच.डी. करायची आहे

मुलुंडची_अप्लाइडवाली

नमस्कार. मी मुलुंडला राहते आणि पश्चिम उपनगरातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात गेली नऊ वर्षे पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या विषयाचे नाव पूर्वी 'अप्लाइड फिजिक्स' होते. पुढे अभ्यासक्रम बदलला आणि ते 'इंजिनीअरिंग फिजिक्स' झाले, पण स्टाफरूममध्ये आम्ही अजूनही 'अप्लाइडवाले'च आहोत. एम.एस्सी. 2014 मध्ये झाले, विशेष विषय घनस्थिती भौतिकी, गुण 57 टक्के. त्यानंतर दोन वर्षांनी सेट, म्हणजे राज्यपातळीवरची प्राध्यापक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण झाले. पीएच.डी. तेव्हाच करायची होती, पण घर, नोकरी आणि नंतर मुलगी यांत ती मागे पडली. आता मुलगी पहिलीत गेली आहे आणि मी पुन्हा चौकशीला लागले आहे.

चौकशी करताना मात्र जितकी माणसे भेटली तितकी उत्तरे मिळाली. एका सहकाऱ्याने सांगितले की, दोन शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध स्वीकारलाच जात नाही. दुसऱ्याच्या मते हा नियम कधीच रद्द झाला आहे. कोणी म्हणते की, नोकरी करणाऱ्याला आता अर्धवेळ पीएच.डी. मिळत नाही. कोणी म्हणते की, सेट असल्यामुळे मला प्रवेश परीक्षेची गरज नाही, आणि तेच गृहस्थ दुसऱ्या दिवशी 'आता फक्त नेट चालते' असेही सांगून गेले. म्हणून ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे किंवा ज्यांच्या हाताखाली हे झाले आहे, अशांना विचारावे असे ठरवले.

माझा पहिला प्रश्न पदवीच्या नावाचा आहे. मला झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांवर, म्हणजे वायू ओळखणाऱ्या संवेदकांवर काम करायचे आहे. हे काम सरळसरळ उपयोजित स्वरूपाचे आहे, मग पदवीवर 'उपयोजित भौतिकशास्त्र' असे लिहून मिळेल का, आणि न मिळाल्यास पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयातील बढतीला अडचण येईल का? दुसरा प्रश्न कालमर्यादेचा. आठवड्याला सोळा तास आणि वर प्रॅक्टिकल्स घेऊन हे काम किती वर्षांत होईल हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही, आणि मुदत संपली म्हणून नोंदणी रद्द झालेल्या एक बाई माझ्या ओळखीच्या आहेत.

तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. आमच्या प्रयोगशाळेत न्यूटनची वलये, हॉल परिणाम आणि हेलियम-निऑन लेसर एवढेच आहे. एक्स-रे डिफ्रॅक्शनचे यंत्र नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तर फारच दूरची गोष्ट. रोज बसने जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून जाताना पवईचे आयआयटीचे प्रवेशद्वार दिसते आणि वाटते की, सगळी यंत्रे त्या भिंतीपलीकडे आहेत. बाहेरच्या माणसाला ती वापरता येतात का?

प्रिझम

ताई, मी मुंबईतच मार्गदर्शक म्हणून काम केले आहे, त्यामुळे आधी नियमांचा गोंधळ दूर करतो.

सध्या लागू असलेले नियम विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022 चे आहेत. ते त्या वर्षी 7 नोव्हेंबरला अधिसूचित झाले आणि त्यांनी 2016 च्या नियमांची जागा घेतली. तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांच्या म्हणण्यात थोडेफार तथ्य आहे. 2016 च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणे सक्तीची होती. 2022 मध्ये ही सक्ती काढली गेली. तरीही एखादे विद्यापीठ आपल्या अध्यादेशात ही अट ठेवू शकते, म्हणून ज्या विद्यापीठात नोंदणी करणार त्याचे परिपत्रक वाचल्याशिवाय कोणाच्याही तोंडी शब्दावर विसंबू नये, माझ्यासुद्धा. आणि अट नसली तरी निबंध लिहावाच, कारण परीक्षक प्रबंध उघडतो तो बहुधा मागच्या पानांवरची प्रकाशनांची यादी पाहण्यासाठी. मात्र 'पैसे भरा, आठ दिवसांत छापून देतो' असे निरोप मोबाइलवर येतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पूर्वी निदान आयोगाची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी दाखवून अशा नियतकालिकांना बाजूला सारता येत असे. 2025 च्या फेब्रुवारीत आयोगाने ती यादीही बंद केली, त्यामुळे पारख आता तुमची आणि मार्गदर्शकाची.

पात्रतेसाठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत. प्रवेशानंतर किमान बारा श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) कोर्सवर्क, म्हणजे ठरावीक विषयांचा अभ्यास, करावे लागते, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम असतो आणि कोर्सवर्कमध्येही 55 टक्के मिळवावे लागतात. अनेक अनुभवी शिक्षक हे कोर्सवर्क हलक्यात घेतात आणि नेमके तिथेच अडकतात, कारण दहा वर्षे शिकवल्यानंतर स्वतः परीक्षेला बसणे हाताला आणि मनालाही जड जाते.

मुदतीबद्दल सांगतो. कोर्सवर्क धरून किमान तीन आणि प्रवेशाच्या तारखेपासून कमाल सहा वर्षे असतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, म्हणजे एकूण आठ. स्त्री संशोधकांना याखेरीज दोन वर्षांची सवलत देता येते, त्यामुळे तुमच्यासाठी बाहेरची मर्यादा दहा वर्षांची आहे. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपन रजा 240 दिवसांपर्यंत मिळू शकते. तुमच्या ओळखीच्या बाईंची नोंदणी कोणत्या नियमांखाली होती ते विचारून पाहा. जुन्या नोंदणीला बऱ्याचदा जुनेच नियम लागतात.

सेटबद्दल म्हणाल तर, 2022 च्या नियमांत केवळ मुलाखतीने प्रवेश देण्यासाठी नेट, गेट आणि तशाच राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षांचा उल्लेख आहे. सेट राज्यपातळीवरची परीक्षा असल्यामुळे तिचे काय करायचे हे विद्यापीठ ठरवते. जून 2024 पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो आणि त्यातला तिसरा गट फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील उमेदवारांच्या प्रवेशात परीक्षेला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, पण हे गुण एकच वर्ष चालतात. भौतिकशास्त्रासाठी ही परीक्षा सीएसआयआर-यूजीसी नेटची 'फिजिकल सायन्सेस' ही आहे, साधी यूजीसी-नेट नव्हे. हा घोळ अर्ज भरताना दरवर्षी कोणीतरी घालतेच.

कलिना_परिसर

पदवीच्या नावाची फार काळजी करू नका. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात किंवा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात उपयोजित भौतिकशास्त्राचे स्वतंत्र विभाग आहेत, आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला तर भौतिकशास्त्र व उपयोजित भौतिकशास्त्र असे दोन वेगळे विभाग आहेत. आपल्याकडे मुंबईत मात्र बहुतेक ठिकाणी पदवी भौतिकशास्त्राची मिळते आणि विषय किती उपयोजित आहे हे प्रबंधाच्या शीर्षकावरून कळते. मुलाखतीच्या मंडळासमोर तुमचे संवेदक बोलतील, प्रमाणपत्रावरचे विशेषण नाही. माझे स्वतःचे काम चुंबकीय द्रव्यांवरचे, पदवी साध्या भौतिकशास्त्राची, आणि मला आजवर याबद्दल कोणी विचारलेले नाही.

मुलुंडची_अप्लाइडवाली

प्रिझम सर, कलिना_परिसर, मनापासून आभार. मुदतीबद्दल वाचून निम्मे ओझे उतरले. आता एक व्यवहाराची अडचण सांगते. महाविद्यालयाकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितले तर 'कामाच्या वेळेवर परिणाम होणार नाही या अटीवर' असे एका ओळीचे पत्र तयार करून देतो म्हणाले. ते चालेल का? आणि मार्गदर्शक आधी शोधायचा की प्रवेश आधी घ्यायचा?

प्रिझम

ते पत्र चालणार नाही, उलट अडचणीचे ठरेल. नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट परवानगी आहे. मात्र नोकरीच्या ठिकाणच्या पत्रात तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, त्याच्या कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल असे आहे, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल. तुमच्या महाविद्यालयाची ओळ तिसऱ्या मुद्द्याच्या बरोबर उलट बोलते. पत्राचा मसुदा तुम्हीच करून द्या. कार्यालयातील माणसे नकार देतात ती पुष्कळदा नवे पत्र लिहायचा कंटाळा म्हणून.

मार्गदर्शक आधी. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे ज्यांचे काम तुम्हाला आवडते त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का, हे परीक्षेआधीच विचारून ठेवावे. नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी आयआयटी मुंबईतही वेगळा प्रवर्ग असतो, तोही पाहून ठेवा.

ऑक्साइड_थर

यंत्रांच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण मी हेच काम केले आहे, आणि तेही नोकरी करत.

पवईच्या भिंतीपलीकडे तुम्हाला जाता येते. आयआयटी मुंबईत 'सैफ' या नावाने ओळखली जाणारी सुविधा आहे, तिथे बाहेरच्या संशोधकांचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे मी तिथूनच घेतली. बाकी यंत्रांसाठी केंद्र सरकारचे 'आय-स्टेम' हे संकेतस्थळ आहे, त्यावर देशभरातल्या प्रयोगशाळांची उपकरणे शोधून वेळ मागता येते. पुढे कधी न्यूट्रॉन विवर्तनाची गरज भासली तर यूजीसी-डीएई (अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या) कन्सॉर्टियमचे मुंबई केंद्र तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीवर विद्यापीठांतील संशोधकांना ते करू देते. तिथल्या प्रवेशपासाला आणि सुरक्षा तपासणीला वेळ लागतो, एवढे लक्षात ठेवा.

पण ताई, मोजमाप ही सोपी बाजू आहे. खरी अडचण नमुने करण्याची. झिंक ऑक्साइडचे थर तुम्ही फवारणीने करणार असाल, तर झिंक ॲसिटेटचे द्रावण, काचपट्ट्या, तापमान 400 ते 450 अंश सेल्सिअसला स्थिर ठेवणारी हॉट प्लेट, एक नॉझल आणि कॉम्प्रेसर एवढ्यावर काम सुरू होते. हे तुमच्या महाविद्यालयातही उभे राहू शकते, फक्त धूर बाहेर ओढणारी व्यवस्था नीट हवी. त्यामुळे मार्गदर्शकाला भेटायला जाताना 'मला यंत्र द्या' असे म्हणण्याऐवजी, 'थर मी करते, त्यांच्या मोजमापाला मदत करा' असे म्हणा. पहिल्या वाक्यावर लोक घड्याळाकडे पाहतात, दुसऱ्यावर खुर्ची देतात.

आणखी एक गोष्ट कोणत्याही नियमपुस्तकात नाही. मुंबईचा पावसाळा. झिंक ऑक्साइडच्या पृष्ठभागावर हवेतील बाष्प बसले की, त्याचा विद्युतरोध बदलतो. जूनमध्ये घेतलेले माझे वायुसंवेदनाचे आलेख एप्रिलच्या आलेखांशी जुळेनात आणि मी दोन महिने नमुन्यांनाच दोष देत बसलो. शेवटी बंद कक्षात, आर्द्रता मोजत, तोच नमुना पुन्हा तपासला तेव्हा कारण कळले. तुमच्या आराखड्यात आर्द्रता नियंत्रित करणारा छोटा कक्ष पहिल्या दिवसापासून धरा. दर सहा महिन्यांनी कामाची प्रगती मांडावी लागते, त्या सादरीकरणात संशोधन सल्लागार समिती हा प्रश्न विचारणारच, आणि मुंबईची असेल तर आवर्जून विचारेल.

कलिना_परिसर

ऑक्साइड_थर यांच्या सादरीकरणाच्या उल्लेखावरून आठवले. ही सादरीकरणे दर सहामाहीला असतात आणि अर्धवेळ संशोधकालाही चुकत नाहीत, त्यामुळे परीक्षांच्या पर्यवेक्षणाच्या तारखांशी त्यांची गाठ पडते. वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्ही वेळापत्रके समोर ठेवा. अंतिम टप्प्यात प्रबंध साहित्यचौर्याच्या तपासणीतून जातो. 2018 च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नसते. मग मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा. प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत हे सगळे पूर्ण व्हावे असे नियम सांगतात.

मुलुंडची_अप्लाइडवाली

सर्वांचे आभार. आज कार्यालयात पत्राचा नवा मसुदा देऊन आले. तीनही मुद्दे त्यात घातले आहेत आणि कोर्सवर्कसाठी शनिवार मोकळा मिळावा अशी विनंतीही जोडली आहे. हॉट प्लेट आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे आहे, पण ती 350 अंशांच्या वर जात नाही. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातील एका प्राध्यापकांना पत्र पाठवले होते, त्यांनी पुढच्या गुरुवारी दुपारी तीनला बोलावले आहे. एकच विचारायचे राहिले : ना हरकत पत्रावर प्राचार्यांची सही पुरेशी आहे की संस्थेच्या सचिवांची लागेल?

प्रिझम

नियमांत 'योग्य प्राधिकारी' एवढेच म्हटले आहे. तुमच्या नेमणूकपत्रावर ज्यांची सही आहे त्यांचीच या पत्रावर घ्या. ती प्राचार्यांची नसेल तर दोघांच्या घ्या, आणि गुरुवारी जाताना मूळ पत्र व दोन छायाप्रती सोबत ठेवा. हॉट प्लेटची गोष्टही त्या प्राध्यापकांना सांगा. फवारणीचे काम करणाऱ्यांकडे जास्त तापणारी एखादी जुनी प्लेट बहुधा पडून असते.