पेशी जगली म्हणजे वाहक सुरक्षित ठरत नाही
एक दावा वाचला: लिपिड नॅनोकण (औषध पेशीत वाहून नेणारे स्निग्ध रेणूंचे अतिसूक्ष्म कण) दिल्यावर मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी मेल्या नाहीत, म्हणजे वाहक सुरक्षित. सांगलीत फार्मसीच्या मुलांना शिकवताना मला हा समज वारंवार भेटतो, म्हणून लिहितो. रोगप्रतिकारक पेशी धडधाकट जिवंत राहूनही भडकू शकते. तिने आयएल-६, टीएनएफ-अल्फा ही दाह वाढवणारी संदेशवाहक प्रथिनं किती सोडली हे मोजायलाच हवं. शिवाय औषध न भरलेला रिकामा कणही वेगळा तपासा, कारण काही आयनायझेबल (आम्लात धनभार घेणारी) लिपिडं स्वतःच दाह चेतवतात.

जुनी लिपिडं कायम धनभारित असत, पेशीपटलाला इजा करत. आताची आयनायझेबल लिपिडं रक्ताच्या ७.४ पीएचला जवळजवळ उदासीन राहतात आणि एंडोसोमच्या, म्हणजे कण पेशीत शिरताना ज्या पिशवीत अडकतो तिच्या, आम्लात भारित होतात. मोठी सुधारणा आहे, मला तिचं मनापासून कौतुक वाटतं. तरीही २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे लिपिड नॅनोकणांतलं औषध शिरेतून देण्याआधी, प्रतिक्रिया येऊ नये म्हणून, स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि अँटिहिस्टामिन द्यावं लागतं.

आणि कृपा करून नमुन्यातलं एंडोटॉक्सिन आधी तपासा. जिवाणूंच्या बाह्य आवरणातला तो अंश अगदी थोडा असला तरी मॅक्रोफेज खवळतात आणि दोष विनाकारण लिपिडवर जातो.